सॅन मारिनोची ६१ वर्षे

५ ऑगस्ट २०२१. सकाळी भारतीय हॉकी संघाने जर्मनीला ५-४ असे नमवून ४१ वर्षांचा पदकांचा दुष्काळ संपवला होता. त्याच दिवशी टोकियोत, कुस्तीच्या ८६ किलो गटात, दीपक पुनिया कांस्यपदकापासून काही सेकंदांवर उभा होता. आघाडी २-१. अखेरच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याने ताबा मिळवला आणि लढत २-४ अशी हातची गेली. तो प्रतिस्पर्धी, माइल्स अमीन, सॅन मारिनोचा. ‘हा कुठला देश?’ असे मी चिडून म्हणालो. इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेणाऱ्याला ते शोभणारे नव्हते.

रात्री नकाशा उघडला. चहूबाजूंनी इटलीने वेढलेले, ६१ चौरस किलोमीटरचे हे प्रजासत्ताक. लोकसंख्या सुमारे ३४ हजार, म्हणजे आपल्याकडचे तालुक्याचे एखादे गाव. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते प्रथम उतरले. १९६४ च्या टोकियोला गेले नाहीत. पुढे मात्र नेमाने जात राहिले आणि दरवेळी रित्या हाताने परतले. दहा लाखांहून कमी वस्तीच्या युरोपीय राष्ट्रांसाठी १९८५ साली स्वतंत्र क्रीडास्पर्धा सुरू झाली, तिचे पहिले यजमान हेच. तोलामोलाचे प्रतिस्पर्धी तिथे तरी लाभले.

२०१२ साली लंडनमध्ये आलेस्सांद्रा पेरिल्ली पदकाच्या उंबरठ्यावर पोहोचली. ट्रॅप नेमबाजीत, म्हणजे हवेत झेपावणाऱ्या तबकड्या टिपण्याच्या खेळात, दोन पदकांसाठी तिघींचे गुण समान झाले. निर्णायक फेरीत ती चौथी ठरली. एवढ्या जवळून पदक हुकल्यावर पुन्हा बंदूक उचलायची म्हणजे काय, याचा विचार मी बराच वेळ करत बसलो. नऊ वर्षांनी, २९ जुलै २०२१ रोजी, तिने कांस्य मिळवले. देशाचे पहिलेवहिले ऑलिंपिक पदक. त्या दिवशी सुवर्ण जिंकणारी स्लोव्हाकियाची स्टेफेचेकोवा लंडनच्या त्या तिघींपैकीच एक! दोनच दिवसांनी जान मार्को बेर्तीसह मिश्र गटात पेरिल्लीने रौप्य पटकावले. स्पेनने ते सुवर्ण ४१-४० असे, एका तबकडीने नेले.

आणि तिसरा हा अमीन. जन्म अमेरिकेतील मिशिगनचा. सॅन मारिनोचे नाते आईच्या बाजूने आलेले. अशी पदके उसनी, असे काहीजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. पोटासाठी त्या डोंगरावरून डेट्रॉइटच्या परिसरात गेलेली माणसेही त्या देशाच्या इतिहासाचाच भाग आहेत.

पथकात खेळाडू होते पाच. तिघे पदक घेऊन परतले. पुनियाची ती लढत मी नंतर पुन्हा पाहिली. शेवटचे काही सेकंद अजूनही पाहवत नाहीत.