धुऱ्यावरून समुद्राकडे : प्रवासाची दैनंदिनी

पहिला दिवस, वणी

समुद्रात तरंगणारे बरेचसे प्लॅस्टिक जमिनीवरून जाते, आणि यवतमाळसारख्या समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्यातूनही त्याला वाट आहे. वणीच्या निर्गुडेचे पाणी वर्धेला, वर्धेचे प्राणहितेला, तिचे गोदावरीला मिळते. पऱ्हाटीच्या फवारणीनंतर धुऱ्यावर पडलेला औषधाचा रिकामा डबा घ्यावा. त्याचे जाड पॉलिथिन पाण्याहून जेमतेम हलके. झाकण घट्ट असले तर डबा उंच तरंगतो, त्याला वारा ढकलतो. झाकण गेले की पाणी भरून तो पृष्ठभागालगत, प्रवाह नेईल तिकडे जातो. पाण्याची बाटली मात्र पाण्याहून जड प्लॅस्टिकची. उघडी बाटली तळ गाठते, तिचे झाकण पुढे निघते. डब्यात विषाचे थेंब उरलेले असतात, म्हणून तो तीनदा धुऊन, भोक पाडून नाल्यापासून दूर ठेवणे फार महत्त्वाचे.

दुसरा दिवस, वढा

वर्धा-पैनगंगेचा संगम. पूर ओसरला की काठच्या बाभळींना पिशव्यांच्या चिंध्या लटकतात, गाळात बियाण्यांची पाकिटे रुततात. नदी प्लॅस्टिक एका दमात नेत नाही. काठावर टाकते, पुढच्या पुरात उचलते. समुद्र गाठायला कित्येक पावसाळे लागतात, आणि पुष्कळ कचरा वाटेतच राहतो.

तिसरा दिवस, चपराळा ते सिरोंचा

चपराळ्याजवळ वर्धेला वैनगंगा मिळून प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते.

चौथा दिवस, धवळेश्वरम

गोदावरीवरचा 1852 मध्ये पुरा झालेला मूळ बंधारा इथला. पुढे नदी गौतमी आणि वसिष्ठा अशा शाखांत फुटते.

पाचवा दिवस, अंतर्वेदी

वसिष्ठेच्या मुखाबाहेर किनाऱ्यालगतचा प्रवाह फेब्रुवारी ते मे उत्तरेकडे, तर ऑक्टोबर ते डिसेंबर श्रीलंकेच्या दिशेने वाहतो. मोसमी वारे फिरले की तोही फिरतो. त्यामुळे उत्तर हिंदी महासागरात कचऱ्याचा कायमचा भोवरा जमत नाही. बरेच प्लॅस्टिक किनाऱ्यांवरच फेकले जाते.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला गोष्ट वेगळी. तिथे एका बाजूला आग्नेय व्यापारी वारे, दुसऱ्या बाजूला पश्चिमी वारे. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरचे पाणी वाऱ्याच्या डावीकडे वळते आणि दोन्हीकडून मध्याकडे लोटले जाते. जमलेले पाणी हळूहळू खाली उतरते, तरंगणारे प्लॅस्टिक वरच अडकते. जगात असे पाच मोठे भोवरे आहेत. त्यांना कचऱ्याचे बेट म्हणणे चूक : उन्हाने ठिसूळ होऊन फुटलेले, तांदळाच्या कणीएवढे तुकडे दूरदूर विखुरलेले असतात, आणि शेवाळ व शिंपले चढून जड झालेले तुकडे तळाकडे जातात.