चाकरमान्याचं मत कुठलं?

मंडळी, आज मतदानयंत्राबद्दल. हॅकिंगवाली चर्चा नको, ती तुम्ही टपरीवर करताच :)

डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने 'रिमोट व्होटिंग मशीन'चा प्रस्ताव मांडला. पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्यांना आहेत तिथूनच गावच्या मतदारसंघात मत देता यावं, ही कल्पना. एकाच यंत्रात ७२ मतदारसंघ, आणि नेटवर्क अजिबात नाही. इंजिनिअर म्हणून मला हे जाम आवडलं. १६ जानेवारी २०२३ ला राजकीय पक्षांना बोलावलं, तिथे बऱ्याच विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले, आणि २०२४ च्या लोकसभेला यंत्र काही आलं नाही.

पण खरी गोची यंत्रात नाहीच, एका शब्दात आहे.

आमचं घर गणपतीपुळ्याला. मी पुण्यात. मागच्या वर्षी फॉर्म ८ भरून नाव पुण्यात आणलं तर काका भडकले. "अरे, घर हाय, कलमा हायत, गणपतीला येतोस. मग नाव कशाला काढलास?"

म्हटलं, काका, १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, जिथे 'सर्वसाधारणपणे' राहता तिथे नाव. आणि कलम २० मध्ये स्पष्टच आहे, नुसतं घर मालकीचं आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. मात्र तात्पुरते बाहेर गेलात तर नाव जात नाही.

आता तात्पुरतं म्हणजे किती दिवस? गिरगावात तीस वर्षं खोलीत काढलेला, रिटायर झाल्यावर गावी परतणार म्हणणारा चाकरमानी तात्पुरता का कायमचा? स्थलांतरित कोणाला म्हणायचं हे ठरवायला हवं आणि कायदेही बदलायला हवेत, हे आयोगाच्याच टिपणात होतं. आमच्या भाषेत, डेमो तयार आणि रिक्वायरमेंटचा पत्ता नाही.

मला विचाराल तर माझ्यासारख्यांसाठी हे यंत्र आणूच नये. एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी धावपळ करतात ते तिथले लोक. लाँग वीकेंडला पुण्या-मुंबईच्या गाड्या किनाऱ्यावर कचरा टाकून जातात, तो उचलायचा त्यांनी. मी वर्षातून आठ दिवस जाऊन त्यांचा आमदार का ठरवावा? (ग्रामपंचायतीला तर मुंबईहून गाड्या भरून मतदार येतात, हे कोकणात गुपित नाही. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, हे यंत्र तिथे नव्हतंच.)

पण बीडचे ऊसतोड कामगार घ्या. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून. घर, रेशनकार्ड, म्हातारे आई-बाप सगळं गावात, आणि माणसं कोयता घेऊन दुसऱ्याच जिल्ह्यात. यांचं 'तात्पुरतं' खरोखर तात्पुरतं आहे. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू-दिल्लीत खास केंद्रं उघडता येतात, तर कारखान्याच्या तळावर का नाही?

गंमत म्हणजे अनिवासी भारतीयांना प्रतिनिधीमार्फत मत देऊ द्यायचं विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये मंजूर केलं होतं. २०१९ ला लोकसभा विसर्जित झाली आणि ते रद्द झालं, तो भाग वेगळा. पण सॅन होजेवाल्या मित्रासाठी निदान तिथवर गाडी गेली. कोयतेवाल्यांसाठी नुसतं टिपण.

व्याख्या लिहायचीच तर मी हंगामापासून सुरुवात करीन. वर्षातले अमुक महिने गावात, बाकीचे कामावर, नाव एकाच ठिकाणी. आयटीवाले त्यात बसत नाहीत, नकोतच.

काकांना यातलं काहीही पटलेलं नाही. त्यांचा हिशेब साधा आहे, वाडीतलं एक मत कमी झालं.