फाइल गेली, माणूस तिथेच

सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांमध्ये एक वाद जुना आहे. मशीन्स आठ-दहाच असतील, तर त्यांच्यावर नजर ठेवायला आणखी एक मशीन कशाला? आज अ‍ॅन्सिबल वापरणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही, पण अ‍ॅन्सिबल आलं २०१२ मध्ये. त्याच्या आधी २००९ मध्ये 'शेफ' आलं होतं आणि त्याच्या दोन तऱ्हा होत्या. एक सर्व्हरवाली आणि दुसरी 'शेफ-सोलो', म्हणजे एकला चलो रे. सोलोमध्ये पाककृती आणि माहितीच्या फाइली मशीनवरच आणून ठेवायच्या आणि तिथेच चालवायच्या. बस्स.

आम्ही तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत होतो. वागळे इस्टेट म्हणजे जिथे १ ऑगस्ट १९६२ ला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत छोटासा समारंभ होऊन एमआयडीसीचा जन्म झाला, ती जागा. खाली लेथ मशीनची घरघर आणि वर आमचे कीबोर्ड, असा मामला. आमच्याकडे नऊ मशीन्स होती. त्या काळचा शेफ सर्व्हर उभा करायचा म्हणजे काउचडीबी हवं, रॅबिटएमक्यू हवं, वर जावात लिहिलेलं सोलर हवं. नऊ मशीन्ससाठी एवढा संसार? बारशाला हत्ती आणण्यातला प्रकार. म्हणून सोलो.

पण सोलोमध्ये एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे शोध.

शेफमध्ये 'डेटा बॅग' असते. नाव भारी, प्रत्यक्षात एक फोल्डर आणि त्यात जेसॉन फाइली. 'युजर्स' नावाच्या बॅगेत प्रत्येक माणसाची एक फाइल: आयडी, गट, एसएसएचची पब्लिक की. सर्व्हर असेल तर पाककृतीत एका ओळीत विचारता येतं, "अ‍ॅडमिन गटातली माणसं कोण?" सर्व्हर ते तेव्हा सोलरला विचारायचा आणि यादी द्यायचा. सोलोमध्ये हाच प्रश्न विचारला तर उत्तर यायचं की इथे शोध चालत नाही. लोकांनी लिहून ठेवलेल्या चांगल्या चांगल्या पाककृती शोधावरच उभ्या, त्यामुळे सोलोवाल्यांना त्या निरुपयोगी.

एडेलाइट या जर्मन कंपनीच्या लोकांनी यावर 'शेफ-सोलो-सर्च' नावाची एक छोटी लायब्ररी लिहिली. मला ती आवडली ती तिच्या साधेपणामुळे. प्रश्न ल्यूसीनच्या भाषेतच विचारायचा, म्हणजे सर्व्हरवर विचारतात तसाच. लायब्ररी तो प्रश्न व्याकरणाने फोडते, फोल्डरमधली प्रत्येक फाइल उघडते, आतल्या घड्या उलगडून सपाट करते आणि जुळली तर ठेवते, नाही तर सोडते. अनुक्रमणिका नाही, रांग नाही, जावा नाही. खालच्या वर्कशॉपचा स्टोअरकीपर चाळीस खण उघडून बघतो ना, तसंच. खण चाळीस हजार असते तर रजिस्टर लागलं असतं. चाळीस खणांना कशाला?

कोणी म्हणेल, एवढंच करायचं तर रुबीत दोन ओळींचा लूप लिहा की! लिहिता येतोच. पण मग ती पाककृती फक्त तुमची होते. प्रश्नाची भाषा तीच ठेवली तर दुसऱ्याने सर्व्हरसाठी लिहिलेलं तुमच्याकडे न बदलता चालतं, आणि उद्या तुम्ही सर्व्हर घेतलात तर तुमचंही तिथे चालतं. खरी कमाई ही.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्याकडचा एक मुलगा नोकरी सोडून ऐरोलीला गेला. रीतीप्रमाणे त्याची जेसॉन फाइल काढली गेली, शेफ सगळीकडे चालला, कुठे एरर नाही. दोन दिवसांनी मी सहज एका मशीनवर यादी बघितली. त्याचं खातं जागेवर, चावीसकट.

आमचे सीनियर म्हणाले, "अरे, फाइल काढली ना?"

"हो सर, फाइल गेली. माणूस तिथेच आहे."

असं का? विचार केला की सोपं आहे. पाककृती विचारते, "अ‍ॅडमिन कोण?" शोध सांगतो, अमुक तमुक. पाककृती त्यांची खाती करते. जो यादीत नाही त्याच्याबद्दल कोणी काही बोलतच नाही. शेफला सांगितलेलं कळतं, न सांगितलेलं कळत नाही. मागच्या वेळी कोण होतं, हे त्याने कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

म्हणूनच 'युजर्स' या प्रसिद्ध पाककृतीत तेव्हा शोध दोनदा व्हायचा. एकदा "या गटातले, पण काढायचे नाहीत असे" आणि एकदा "या गटातले, काढायचे असे". जाणाऱ्याची फाइल पुसायची नसते. त्याच फाइलीत 'अ‍ॅक्शन: रिमूव्ह' लिहायचं असतं. गंमत बघा, माणसाला मशीनवरून घालवायचं तर त्याचं नाव वहीत ठेवावं लागतं! आम्ही त्या मुलाची फाइल गिटमधून परत आणली, त्यात ती ओळ घातली आणि शेफ चालवला. नऊही मशीन्सवरून खातं गेलं. तो मुलगा सज्जन होता, काही बिघडलं नाही. पण प्रत्येक जाणारा सज्जनच असेल यावर सुरक्षा चालत नाही.

इथे शोधाची मर्यादाही कळते. सोलोचा शोध तुम्ही लिहिलेल्या फाइलींमध्ये होतो, मशीन्समध्ये नाही. 'वेब सर्व्हर कोणते?' असं विचारायचं तर त्या मशीन्सच्या फाइलीही हातानेच लिहायच्या. सर्व्हरवाल्या शेफमध्ये निदान मशीन स्वतः येऊन आपली हकीकत सांगून जातं. अर्थात ती हकीकत शेवटच्या भेटीची. मशीन मेलं तरी त्याची नोंद कोणी काढेपर्यंत तशीच राहते. म्हणजे दोन्हीकडे शोधाला सापडतो तो कागदच. एकीकडे आपण लिहिलेला, दुसरीकडे मशीनने.

आणखी एक. शोधायचं तर सगळी माहिती प्रत्येक मशीनवर हवी, आणि उघडी हवी. एन्क्रिप्ट केलेल्या मजकुरात शोध कसा होणार? पब्लिक की उघडी असली तर हरकत नाही, ती असतेच त्यासाठी. पण पासवर्ड त्याच फाइलीत टाकायचा मोह टाळलेला बरा.

पुढे २०१३ मध्ये शेफ ११.८ बरोबर 'लोकल मोड' आला. मेमरीतच एक इवलासा सर्व्हर उभा राहतो, शोधासकट, आणि काम झालं की मिटतो. त्यामुळे त्या लायब्ररीची गरज संपली. २०२० मध्ये शेफ कंपनी प्रोग्रेसने घेतली. असो.

साधनं बदलली, प्रश्न तोच आहे. अ‍ॅन्सिबलमध्येही युजर्सच्या यादीतून नाव खोडलं म्हणून खातं जात नाही, 'स्टेट: अ‍ॅब्सेंट' लिहावं लागतं. टेराफॉर्मचं वेगळं. ते मागची स्थिती स्वतःच्या फाइलीत लिहून ठेवतं, म्हणून वगळलेली वस्तू पाडायची हे त्याला कळतं.

तेव्हा मंडळी, सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांची नावं एका कागदावर लिहा आणि प्रत्येक मशीनवरच्या खात्यांशी ताडून बघा. आपल्या फाइलींशी नको, मशीनशी. काही सापडलं नाही तर उत्तमच, वर चहा माझ्याकडून :)