असईची मानाची तलवार

मोसंबीच्या बाजारामुळे पाचोडचे नाव व्यापारी वर्गात परिचित आहे. तेथून उत्तरेस जालना, भोकरदन मार्गे गेल्यास असई हे लहानसे गाव लागते. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल आर्थर वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. हाच सेनानी पुढे वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला. तरीही उतारवयात तो असईलाच आपली सर्वोत्तम लढाई मानीत असे.

या विजयाबद्दल कलकत्त्याच्या ब्रिटिश रहिवाशांनी त्याला एक हजार पौंड किमतीची तलवार अर्पण करण्याचे ठरविले. अशी तलवार रणात चालविण्यासाठी नसते. ती मानाची खूण म्हणून जपली जाते.

परंतु जमेबरोबर नावेची बाजूही वाचावी लागते. विजयी सैन्यातीलच ४२८ जण ठार आणि अकराशेहून अधिक जखमी झाले. त्यांत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते. मराठ्यांकडील मृतांची गणना निराळीच. तलवारीचे मोल पौंडांत मांडता आले. या माणसांचे मोल मात्र कोणत्याही खतावणीत चढले नाही. असईला जाणाऱ्याने एवढे स्मरण ठेवावे.