कोहळ्याच्या सुपास अनावृत पत्र

मु. पो. लोहारा, जि. यवतमाळ

प्रिय कोहळ्याच्या सुपास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, इकडे थंडी चांगलीच पडली आहे. एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून येणारी माणसं कानाला रुमाल बांधून येतात. बाजारात केशरी कोहळ्याच्या फाका मांडल्या आहेत आणि रोज संध्याकाळी तू आमच्या गॅसवर असतंस. बाकी सर्व क्षेम म्हणवत नाही. आमच्या घरच्या काकाजींचं तोंड आता जेमतेम दोन बोटं उघडतं.

कारण तुला ठाऊक आहे. आपल्याकडे चौकाचौकात सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा मिळतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा काही टपरीवरून हलला नाही. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होत जाते, जबडा आवळतो आणि तिखटाचा कण लागला तरी तोंडाची आग होते. ठेच्याशिवाय ज्यांचा घास उतरत नसे, त्या माणसाला आता भाकरी कुस्करूनही चालत नाही. डॉक्टरांनी खर्रा बंद करायला लावला, तोंडाचे व्यायाम दिले. जेवणाचं मात्र तू सांभाळलंस. त्याबद्दल तुझे मनापासून आभार.

तुझी ओळख आजची नाही. लहानपणी ताप उतरला की आई कोहळं आणि लौकी गंजात शिजवायची आणि पुरणयंत्रातून गाळून घ्यायची. ‘सुमीत’ मिक्सर बाजारात निघाला खरा, पण आमच्या ओट्यावर मिक्सर यायला पुढे कैक वर्षं गेली. तोवर आईचा दंडच फिरत होता. खाली उतरायचं ते पुरणासारखं मऊसूत, आणि रेषा सगळ्या वर जाळीत राहायच्या. वरून तूप, जिरं, चिमूटभर मीठ. बस.

आता तक्रार. लग्नाच्या पंगतीत आणि हॉटेलात तुझ्या नावावर जे वाढतात ते तू नव्हेस. कॉर्नफ्लॉवरची खळ, वर मिरपूड, आणि भाजी शोधावी लागते. अरे, तुझा दाटपणा तुझ्या घरचाच आहे! कोहळं नीट शिजलं आणि सोबत मूठभर मुगाची डाळ असली की दुसरं काही लागत नाही. काकाजींचं वजन उतरतंय, म्हणून डाळ मी सोडतच नाही. तूपही सोडत नाही, कारण कोहळ्याच्या केशरी रंगातलं जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्धपणा हवाच. आलू मात्र मी तुझ्यात घालत नाही. मिक्सरमध्ये फिरवला की त्यातला स्टार्च सुटतो आणि सगळं चिकट होऊन बसतं. आणि नव्या सुनांना एवढं सांग, की कुकरमधून काढलेलं कढत मिश्रण झाकण गच्च लावून फिरवू नका. वाफ कोंडते, झाकण उडतं, हात भाजतो. कोमट होऊ द्यावं, फिरवावं, गाळावं आणि मगच पुन्हा उकळी आणावी. गाळायचा कंटाळा तर मुळीच नको. तुम्हाआम्हाला एक रेष दातात अडकते, पण सोललेल्या तोंडाला ती टोचते.

दुसरी तक्रार मोठी आहे. तू आजाऱ्यासोबत येतंस आणि त्याच्यासोबतच निघून जातंस. काकाजींपुढे तुझी वाटी आली की बाकी घर झुणका-भाकरीला बसतं. ते वाटी घेऊन आतल्या खोलीत जातात. चव चांगली आहे म्हणतात, पण एकटं बसून खातात. भूक त्याने निम्मी होते.

म्हणून विनंती, की यापुढे सगळ्यांच्या ताटाशी ये. पोरांसाठी दोन भेदरं घालीन, वर सांभार पेरीन, ज्याला हवा त्याने ठेचा कालवून घ्यावा. काकाजींची वाटी आधी वेगळी काढीन, कारण भेदराचा आंबटपणाही त्यांना झोंबतो. पण पाट त्यांचा आमच्याच रांगेत राहील. उद्या मोठा गंज काढते आहे, अख्खं कोहळं आणलंय. वेळेवर शिज.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
लोहाऱ्याची सून