सभा तहकूब

महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत मंत्रालयात निघते. त्या वेळी ‘सर्वसाधारण, महिला’ निघालं आणि अडीच वर्षांसाठी मी आमच्या शहराची प्रथम नागरिक झाले. लाल दिव्याचे दिवस तेव्हा सरले होते, तरी दारात शिपाई होता, सभागृहात पुढ्यात राजदंड होता. कार्यकारी अधिकार मात्र १९४९च्या महापालिका अधिनियमानं आयुक्तांकडे. माझ्या वाट्याला उद्घाटनं, मानपत्रं, झेंडावंदन, सांत्वनाच्या भेटी.

याला मी मिरवणं समजत होते आणि मनसोक्त मिरवत होते. शाळेच्या कार्यक्रमाला दीड तास उशिरा जायचं, लेझीम घेऊन उन्हात ताटकळलेल्या पोरींसोबत फोटो काढायचा, निघायचं. लाज वाटते, पण तो निव्वळ बेफिकीरपणा होता. शोकप्रस्तावांचं मी जे केलं, ते समजूनउमजून.

कोणी मोठी व्यक्ती गेली की सर्वसाधारण सभेत उभं राहून श्रद्धांजली वाहायची आणि सभा तहकूब करायची, ही जुनी प्रथा. पुढे ‘मोठी’ची व्याख्या सैल होत गेली. कुणाचे चुलते, कुणाच्या मंडळाचे माजी अध्यक्ष. विषयपत्रिकेवर अडचणीचा विषय असला, की सभेआधी माझ्या दालनात चहा पिताना गटनेते विचारायचे, “ताई, आज श्रद्धांजली आहे ना?” यात विरोधी पक्षाचेही असत, हे सांगायला हवं. मग नगरसचिवांकडे चिठ्ठी जायची. मी पीठासनावरून गंभीर चेहऱ्यानं नाव वाचायची. महिन्याला किमान एक सभा घ्यावी लागते. कागदावर ती झालेली असायची.

एकदा जलवाहिनीचा विषय होता. ठेका कुणाला, यावरून आमच्याच पक्षात दोन तट होते. मी तहकुबी पुकारली. वरच्या गॅलरीत एका वस्तीतल्या बायका रोज बुडवून आल्या होत्या. जिन्यात त्यातली एक आडवी आली. “मेलेल्याचं केलंत, बरं झालं. जित्यांचं कधी करताय?” मी म्हणाले, “पुढच्या सभेत नक्की.” पुढच्या सभेतही श्रद्धांजली होती.

तिसऱ्या वेळी मी श्रद्धांजली वाहिली, दहा मिनिटं सभा थांबवली आणि परत सुरू केली. आमच्याच नगरसेवकांनी ‘मृताचा अपमान’ म्हणून गोंधळ घातला, एकानं राजदंड उचलून नेला. विषय मंजूर झाला. पण पक्षाच्या बैठकीत जाब विचारल्यावर मी ‘यापुढे प्रथा पाळेन’ असं लिहून दिलं, आणि उरलेल्या मुदतीत ती पाळली.