गोळी, नाक आणि विश्वास

पालीच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील सुकत असताना तिथल्या कुत्र्यांची नाकं कशी चालतात हे पाहिलं, की औषध नाकारणाऱ्या कुत्र्याला हट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. माणसाच्या जिभेवर सुमारे नऊ हजार स्वादकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर जेमतेम सतराशे; पण त्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी वीस कोटींहून अधिक. म्हणजे गोळी तोंडात जाण्याआधीच नाकाने तिचा निकाल लावलेला असतो. म्हणून उपायही वासाचाच हवा. मीठ न घातलेल्या, काटे काढलेल्या उकडलेल्या मासळीचा आधी एक रिकामा घास, मग गोळीचा आणि लगेच तिसरा समोर धरलेला. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता गिळला जातो. सुका बोंबील मात्र नको, त्यात मीठ फार.

जबडा उघडून गोळी ढकलणं झटपट होतं, असं म्हणतील. एखाद्या वेळी होईलही. पण गोचीडतापाला डॉक्सिसायक्लिन बहुधा चार आठवडे द्यावं लागतं. पहिल्याच दिवशी धाक बसलेला कुत्रा नंतर हाताजवळ येईल का? शिवाय कोरडी अडकलेली ही गोळी अन्ननलिकेला जखम करू शकते, म्हणून मागून पाणी किंवा अन्न हवंच. दूध नको, त्यातल्या कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. काही औषधं उपाशीपोटीच द्यायची असतात, हा आक्षेप खरा आहे. तेव्हा, आणि गोळी कुटण्याआधीही, पशुवैद्याला जरूर विचारा.